स्कूटरचे तेल आणि शेजारची विहीर

शाळेच्या वार्षिकांकात शिक्षकाने लेख लिहावयाचा, तर तो साहित्यावर, चारित्र्यावर किंवा निदान एखाद्या प्रवासावर असावा, अशी वाचकांची अपेक्षा असते. ती आम्हांस ठाऊक आहे. तरीही यंदा आम्ही स्कूटरच्या तेलावर लिहावयाचे ठरविले आहे. आम्ही काही यंत्रशास्त्राचे जाणकार नाही. आमची पदवी कलाशाखेची. कविता, निबंध आणि व्याकरण यांतच आमचे दिवस जातात. परंतु आमच्या अंगणात घडलेल्या एका लहानशा गोष्टीने आम्हांस जे शिकविले, ते विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींस सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

आमच्या गोव्यात स्कूटर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मासळी आणावयाची, देवळात जावयाचे, मुलांना शाळेत पोचवावयाचे, सारे तिच्याच पाठीवर. दसऱ्याच्या दिवशी आपण तिला धुतो, पुसतो, झेंडूची माळ घालतो, कुंकू लावतो. पण पूजा आटोपली, की तिच्या पोटात काय चालले आहे याची वर्षभर कोणी विचारपूस करीत नाही. एकदा आम्ही वर्गात विचारले, ‘‘तुमच्या घरच्या स्कूटरचे इंजिनतेल शेवटचे कधी बदलले?’’ एकाने सांगितले, बाबांना ठाऊक. दुसऱ्याने सांगितले, गॅरेजवाल्याला ठाऊक. ‘‘आणि काढलेले जुने तेल कोठे जाते?’’ या प्रश्नावर मात्र सारा वर्ग गप्प बसला. उत्तर आम्हांस ठाऊक होते, आणि ते सांगावयाची आम्हांस लाज वाटत होती. ती लाज का वाटली, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम या तेलाचे काम काय ते पाहू. चालू इंजिनात दर मिनिटाला हजारो फेरे होत असतात. धातूवर धातू घासून दोन्ही झिजू नयेत, म्हणून त्यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ पडदा असावा लागतो. तेच तेल आतली उष्णता बाहेरच्या कवचापर्यंत वाहून आणते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधील फट भरून काढते. आतल्या भागांस गंजू देत नाही. आणि ज्वलनातून निघणारी काजळी, आम्ले व झिजेतून सुटणारा धातूचा सूक्ष्म चुरा आपल्या पोटात घेते. तेल काळे पडते ते याच कारणाने. ते वाईट होते म्हणून काळे पडले असे नव्हे. त्याने आपले काम केले म्हणून ते काळे पडले. मात्र घाण पोटात घेण्याच्या त्याच्या शक्तीला मर्यादा आहे. त्यात मिसळलेली संरक्षक रसायने हळूहळू खर्ची पडतात, तेल आपला गुण सोडते, आणि मग इंजिन आतून झिजू लागते. बाहेरून काही दिवस काहीच कळत नाही. कळते तेव्हा उशीर झालेला असतो आणि दुरुस्तीचा खर्च हजारोंच्या घरात गेलेला असतो.

वडिलांच्या पिढीला या तेलबदलाची फारशी सवय नाही, याला एक कारण आहे. १९७२ साली बाजारात आलेली चेतक किंवा तिच्या काळातील लँब्रेटा या स्कूटरी टू-स्ट्रोक इंजिनाच्या होत्या. त्यांचे तेल पेट्रोलातच मिसळावयाचे असे आणि ते पेट्रोलाबरोबर जळून जात असे. गिअरपेटीचे तेल तेवढे अधूनमधून बदलावे लागे. सकाळी वडील स्कूटर एका कुशीवर कलंडवीत, मग किक मारीत, आणि पाठीमागे निळसर धुराचा लोट उठे, हे आम्हांस अजून आठवते. ते तेल दिसेनासे होई. नाहीसे मात्र होत नसे, ते गावाच्या हवेत जाई. आजच्या फोर-स्ट्रोक स्कूटरीत तेल जाळावयाचे नसते. ते इंजिनाच्या तळाशी साठून राहते, पुन्हापुन्हा फिरते आणि ठराविक काळाने काढून टाकावे लागते. म्हणजे पूर्वी जी घाण आपल्या नकळत हवेत जात होती, ती आता आपल्या हाती येते. हाती आलेल्या वस्तूचे काय करावयाचे, हा प्रश्न मागच्या पिढीला पडला नव्हता. आपल्याला पडला आहे.

आम्हांस हे काम शिकविले ते आमच्या वाड्यावरील एका पायलटाने. मोटारसायकलीच्या पुढच्या पिवळ्या मडगार्डावरून ओळखू येणारे हे भाड्याचे चालक गोव्याबाहेरच्या वाचकांसही ऐकून ठाऊक असतील. ज्याचे पोट यंत्रावर चालते, तो यंत्राच्या पोटाची काळजी घेतो. रविवारी सकाळी तो आपल्या गाडीचे तेल स्वतः बदली. आम्ही कुंपणापलीकडून पाहत असू. एके दिवशी धीर करून त्याला म्हटले, आम्हांसही शिकव. तो हसला आणि कोंकणीत म्हणाला, ‘‘मास्तर, हात म्हेळे जातले हां!’’ हात मळतील, ही त्याची सूचना साधी होती. पण ती आमच्या मनात घर करून राहिली. हात मळण्याचे भय पदवीधराला असणार, हे त्याने गृहीतच धरले होते. आणि त्याचे ते गृहीत खोटे नव्हते.

काम वाटते तितके अवघड नाही. मात्र त्याला क्रम आहे. पहिली गोष्ट, गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका वाचणे. ती बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत तशीच पडलेली असते. किती किलोमीटरांनंतर अथवा किती महिन्यांनंतर तेल बदलावे, किती मापाचे घालावे, कोणत्या प्रतीचे घालावे, हे सारे तीत दिलेले असते. आमच्या स्कूटरीला सुमारे पाऊण लिटर तेल लागते. डब्यावर ‘१०डब्ल्यू-३०’ असे काही छापलेले असते. त्यातील पहिला आकडा, त्यापुढील थंडीच्या निदर्शक अक्षरासह, तेल गार असताना कितपत वाहते ते सांगतो. दुसरा आकडा ते पुरते तापल्यावर कितपत दाट राहते ते सांगतो. मोटारसायकलीचा क्लच बहुधा इंजिनतेलातच बुडालेला असतो, बिनगिअरच्या स्कूटरीचा कोरडा असतो. म्हणून दोहोंच्या तेलांची प्रत वेगळी. दुकानदार देईल ते घेऊ नये. पुस्तिका सांगेल ते मागावे.

नंतर स्कूटर सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी आणि इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करावे. कोमट झालेले तेल पातळ होऊन सहज वाहते आणि तळाची घाणही बरोबर घेऊन येते. मात्र पुरते तापलेल्या इंजिनाला हात लावू नये; भाजते. हातांत रबरी मोजे घालावेत. वापरलेल्या तेलाचा वारंवार आणि दीर्घकाळ संपर्क त्वचेच्या कर्करोगालाही कारण होऊ शकतो. खाली पसरट भांडे ठेवावे. वरचे तेल भरावयाचे झाकण आधी सैल करावे, म्हणजे हवा आत जाऊन तेल सुरळीत उतरते. मग योग्य मापाच्या पान्याने तळाचा बोल्ट डावीकडे फिरवून काढावा. येथे एक सावधगिरी घ्यावी. बिनगिअरच्या स्कूटरीत मागच्या चाकापाशी दुसरा एक बोल्ट असतो, तो गिअरतेलाचा. घाईत तो उघडून कित्येक जण भलतेच तेल काढून बसतात आणि वर इंजिनात दुप्पट तेल भरतात.

दहा-पंधरा मिनिटे तेल ठिबकू द्यावे. जाळी असल्यास ती काढून स्वच्छ करावी. मग नवा वॉशर घालून बोल्ट प्रथम नुसत्या बोटांनी फिरवावा. तो सरळ बसला अशी खात्री झाल्यावरच पाना लावावा. इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे असते, बोल्ट पोलादाचा. मऊ धातूत कठीण धातू जोराने पिळला, की आटे जातात. पहिल्याच खेपेस आम्ही तो पराक्रम केला आणि नवे आटे पाडून घेण्याचा भुर्दंड सोसला. बळ कोठे लावावे, याहून ते कोठे थांबवावे हे कळणे कठीण, हा धडा आम्हांस त्या बोल्टाने दिला. शेवटी नरसाळ्याने मोजके तेल घालावे, इंजिन दोन मिनिटे चालवून थांबवावे, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मापकाडी पुसून तेलाची पातळी दोन खुणांच्या दरम्यान आहे ना ते पाहावे. कमी तेल घातक, तसे अधिकही घातक. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरावे. सकाळी त्यावर डाग नसेल तर काम नीट झाले असे समजावे.

आम्हीही तसेच समजलो. भांड्यात उरलेले ते काळे तेल हातात घेऊन आम्ही इकडेतिकडे पाहिले. थोडे कुंपणाच्या लाकडी खांबांना फासले. वाळवी लागू नये म्हणून तसे करण्याची आमच्याकडे रीतच आहे. उरलेले परसातल्या माडाच्या पलीकडे, गडग्याशी असलेल्या एका खड्ड्यात ओतले, वर पायाने माती ढकलली आणि साबणाने हात धुतले. हात स्वच्छ झाले. दोन वर्षांत असे आम्ही चार वेळा केले.

आमचे परस उताराच्या वरच्या अंगाला आहे. खालच्या अंगाला एका वृद्ध मावशींचे घर आणि त्यांची जुनी, जांभ्या दगडाने बांधलेली विहीर. घरात नळ येऊनही मावशी पेज त्या विहिरीच्या पाण्यातच शिजवीत. जांभा हा सच्छिद्र दगड. पावसाचे पाणी तो आनंदाने पोटात घेतो, म्हणूनच आमच्या विहिरी भरतात. पण पाण्याबरोबर काय आले, हे तो विचारीत नाही. त्या वर्षी जुलैत पाऊस चार-पाच दिवस संततधार लागला होता. एका सकाळी मावशी गडग्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘‘मास्तर, बांयच्या उदकाक तेलाची घाण येता. पेज करूंक जायना.’’

आम्ही जाऊन पाहिले. पाण्यावर एक पातळ साय पसरली होती आणि ढगांतून थोडे ऊन आले की तीत इंद्रधनुष्याचे रंग दिसत होते. कोणाची गाडी रस्त्यावर गळली असेल, असे मावशी म्हणत होत्या. आम्ही मान हलविली आणि घरी आलो. दोन दिवस आम्ही काहीच बोललो नाही. ते आमच्याच खड्ड्यातले तेल की आणखी कोठले, हे कोणी प्रयोगशाळेत तपासून पाहिले नाही. पण उताराच्या वरच्या अंगाला दुसरा खड्डा नव्हता. तिसऱ्या दिवशी आम्ही मावशींना खरे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘‘तुमी शिकिल्ले मनीस, मास्तर.’’ पंप लावून विहीर दोनदा उपसली, खड्ड्यातली काळी माती खणून डब्यांत भरली. वास गेला. परंतु त्या विहिरीच्या पाण्यात मावशींनी पुन्हा पेज शिजविली नाही.

तेव्हापासून आम्ही या विषयावर जे हाती लागेल ते वाचीत आलो आहो. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेचे सांगणे असे, की मोटारीच्या एका तेलबदलात निघणारे तेल दहा लक्ष गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते. स्कूटरीचे तेल मोटारीच्या मानाने थोडे. पण आमच्या वाड्यावर स्कूटरी किती आहेत, ते कोणीही मोजून पाहावे. आपल्या देशात वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते, आणि १ एप्रिल २०२४ पासून, तेल बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर त्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारीही कायद्याने टाकलेली आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हे तेल टाकाऊ नसतेच. मूळ तेल झिजत नाही, ते मळते. योग्य कारखान्यात ते शुद्ध करून त्यापासून पुन्हा वंगण करता येते. जे आम्ही खड्ड्यात ओतले, ते विष तर होतेच, पण एका अर्थी धनही होते.

यावर आमचे मत असे, की घरचे काम स्वतः करावे, हा उपदेश अर्धाच आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला, तेव्हापासून श्रमप्रतिष्ठेवर आपण शाळाशाळांतून निबंध लिहवून घेत आलो. हात मळू द्यावेत, हे खरे. परंतु हात मळविणे म्हणजे श्रमाची प्रतिष्ठा नव्हे. हातावरचा मळ शेवटी कोठे गेला, याचा हिशेब ठेवणे ही ती प्रतिष्ठा. नवे तेल घातले आणि मापकाडीवर पातळी बरोबर आली, म्हणजे काम संपले असे नाही. जुने तेल झाकणबंद डब्यात भरून योग्य स्थळी पोचेपर्यंत ते अपुरेच आहे. ज्याला एवढे जमणार नसेल, त्याने घरी तेल बदलू नये. हे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

येथे काही आक्षेप येतील, आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. कोणी म्हणेल, सर्वांनीच घरी तेल बदलले तर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकाच्या पोटावर पाय येईल. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या गाडीचे थोडे कळणारा मनुष्य मेकॅनिकाच्या कौशल्याची अधिक कदर करतो आणि किरकोळ पैशांसाठी त्याच्याशी हुज्जत घालीत नाही. आटे गेले तेव्हा आम्ही त्याच्याकडेच गेलो होतो. नव्या गाडीची हमीची मुदत असेतो मात्र काम अधिकृत ठिकाणीच करवावे, हे शहाणपणाचे. दुसरा म्हणेल, गॅरेजातले जुने तेल तरी कोठे सुरक्षित जाते? हा प्रश्न रास्त आहे, आणि तो आपण गॅरेजात उभे राहून विचारला पाहिजे. तेल बदलून घेताना आपण नव्या डब्याचे सील पाहतो. जुने तेल पिंपात गेले की गटारात, तेही पाहावे. आणि तिसरा म्हणेल, विजेवर चालणाऱ्या स्कूटरी आल्या, त्यांना इंजिनतेल लागतच नाही, मग ही विद्या कशाला? त्याला आमचे उत्तर एवढेच, की तेल गेले तरी बॅटरी आली. तिच्या विल्हेवाटीसाठी २०२२ साली वेगळे नियम करावे लागले. यंत्र बदलते, त्याच्या पाठीमागे उरणारे ओझे बदलत नाही.

आता कृतीचे बोलू. आमची पहिली सूचना पालकांस. वर्षातून एका रविवारी आपल्या मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, बरोबर घेऊन हे काम करावे किंवा गॅरेजात नेऊन दाखवावे. नव्या तेलाचा रिकामा डबा फेकण्यापूर्वी त्याला भोक पाडावे, म्हणजे त्यात कोणी बनावट तेल भरून विकणार नाही. जुने तेल पाण्यात, केरात किंवा दुसऱ्या कशात न मिसळता झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि जे गॅरेज ते साठवून मान्यताप्राप्त पुनर्चक्रण करणाऱ्यांस देते, तेथे नेऊन द्यावे. खांबांना फासण्याची रीत आता सोडावी. पाऊस ते खांबावर राहू देत नाही.

दुसरी सूचना पंचायतीस. सुका कचरा वेगळा ठेवण्यासाठी गावोगावी शेड उभ्या राहिल्या आहेत. त्यांत एक झाकणाचे पिंप वापरलेल्या तेलासाठी ठेवावे आणि ते भरले की अधिकृत माणसाच्या हवाली करावे. याला फार मोठा खर्च येईल असे आम्हांस वाटत नाही. आणि तिसरी सूचना आमच्या विद्यार्थ्यांस. गावातील प्रत्येक गॅरेजात जाऊन नम्रपणे एकच प्रश्न विचारावा, ‘‘जुने तेल तुम्ही कोणाला देता?’’ मिळालेली उत्तरे वहीत उतरवून आणावीत. त्या वह्या घेऊन आम्ही स्वतः पंचायतीत जाऊ.

आमच्या परसातील तो खड्डा आम्ही बुजविला नाही. येता-जाता तो दिसावा, म्हणून मुद्दाम ठेवला आहे. स्कूटरचे तेल आम्ही अजूनही घरीच बदलतो. काढलेले तेल डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, त्याच दिवशी पोचते करतो. गेल्या खेपेस डबा घेऊन निघालो, तेव्हा मावशी गडग्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी डब्याकडे पाहिले, काही विचारले नाही. त्यांच्या अंगणात नळाची बादली भरत होती, आणि विहिरीवरचा रहाट तसाच थांबलेला होता.